चौकोनातलं नाव

२ जून. संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं.

वर्ग आत्ता सुटला. डोकं तापलंय. चहा नंतर, आधी हे लिहून टाकते.

बाईंनी सांगितलंय, रोज पाच ओळी लिहा, तुमच्याशिवाय कुणी वाचणार नाही, म्हणजे खरं लिहायची सवय लागते. मी तर खरंच लिहिते. स्वभावच तसा. चौथीत गुरुजी म्हणाले होते, मायाक्का, तू पुढं शिकलीस तर मास्तरीण होशील. त्याच साली आमचा बाप मेंढरं घेऊन चराईला निघाला आणि मला शाळेतून काढलं ते काढलंच. आता सदुसष्टाव्या वर्षी फोनवर शाळा भरते. साठीपुढच्यांची. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार ते पाच. चाळीस म्हातारे-म्हाताऱ्या. काय आनंद सांगू! पाटी नाही, छडी नाही, बसल्या जागी शाळा. आणि पहिला नंबर माझाच येणार, पण हे मी कुणाला सांगत फिरत नाही. फक्त सून रुपालीला, नात विजूला, शेजारच्या माजिदाला आणि गिरणीवाल्याला सांगितलंय.

तर राग कशाचा. आमच्या वर्गाच्या फिरदोसबाई म्हणाल्या, एक जुलैपासून ह्या शाळेच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन नवीन गोष्टी येणार. एक रेकॉर्डिंग. वर्ग चुकला तर मागून बघता येईल. दुसरं कॅप्शन. आपण बोलू ते खाली अक्षरांत उमटणार, आणि कोण बोललं त्याचं नाव पुढं. शेवटी मशीनच मोजणार कोण किती बोललं. सगळ्यांत जास्त सहभाग ज्याचा, त्याला सर्टिफिकेट आणि शाल.

मी मनात म्हटलं, शाल आली घरात.

एवढ्यात नजर चौकोनावर गेली. फोनवर प्रत्येकाचा एक चौकोन असतो आणि त्याच्याखाली नाव. आमच्या चौकोनाखाली माझं नाव नाही. ह्यांचं आहे.

म्हणजे बोलणार मी, आणि उमटणार ह्यांचं! पन्नास वर्षं ज्या माणसाचं नाव मी तोंडातून काढलं नाही, ते माझ्या एकेका वाक्याच्या पुढं! असा संताप आला की बाईंनी तीनदा टाटा केलं तरी मी केलं नाही.

३ जून. दुपारी.

रात्रभर तळमळले. चूक कुणाची? रुपालीची. फोन ह्यांचा, कार्ड ह्यांच्या नावावर, आणि फॉर्म भरताना हिनं घाईघाईत फोनवाल्याचंच नाव टाकलं. हिला टॉवेलला काठ शिवायची घाई. बिरुदेव, म्हणजे आमचा मुलगा, टॉवेलच्या कारखान्यात, आणि ही घरी बसून काठ शिवते. दिवसाला काठ किती आणि लक्ष कुठं.

ह्यांचं नाव मला इथंही लिहायचं नाही. हात धजत नाही. तळ्यातल्या देवावरून ठेवलंय, एवढं बास. त्यामुळं उभ्या जन्मात माझी जी पंचाईत झाली ती सोलापुरात राहणारीलाच कळेल. इथं पेठेला तो देव, बँकेला तो देव, मुंबईच्या रात्रीच्या गाडीलाही तोच देव. सगळं गाव जानेवारीत जत्रेला जातं, मी तळ्यातल्या देवाच्या जत्रेला जाते. रिक्षावाल्याला मी सांगते, पाण्यात देऊळ आहे तिथं सोड. एकदा एकानं दुसऱ्याच तळ्यावर, कंबर तलावावर नेऊन सोडलं.

निश्चय: एक जुलैच्या आत चौकोनातलं नाव बदलायचं. रुपालीला विचारायचं नाही. तिच्याशी बोलणं बंद आहे. परवा मला म्हणाली, आत्या, वर्गात जरा बारीक आवाजात बोला की, गल्लीच्या टोकाला ऐकू जातंय. मी काय चोरी करते का बारीक बोलायला?

महिना आहे हातात. मी तीनशे मेंढरं भीमेपार नेलीत, चार अक्षरं काय जड आहेत!

४ जून. वर्गानंतर.

आज छान झालं. बाईंनी विचारलं, पोस्टात काय काय मिळतं? मी पटकन सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, शाब्बास आजोबा!

हे असंच असतं. उत्तर मी द्यायचं आणि शाबासकी ह्यांना. पण मला त्याचा राग नाही. घरातल्या कर्त्या माणसाला आधी मान द्यायचा, ही रीत फिरदोसबाईंना ठाऊक आहे. शुक्रवार पेठेतल्या जुन्या घरातली पोर, वळण चांगलं. रोज वर्ग सुरू झाला की आधी विचारतात, आजोबा, बरे आहात ना? हे मान हलवतात. हे बाजेवर बसून टकळीवर लोकर कातत असतात, दिवसभरात दहा शब्द बोलले तर मोजून दहा.

फोन मी शेंगाचटणीच्या बरणीला टेकवून बाजेसमोरच्या स्टुलावर ठेवते, कारण चार्जरची वायर तिथंवरच पुरते. मी खाली, खिडकीशी. आता ह्यांच्या शेजारी बाजेवर, चाळीस माणसांसमोर, बरोबरीनं बसायचं का? आमच्यात नाही बसत. चौकोनात हे दिसतात आणि कडेला माझा पदर. तेवढा पुरे. डोईवर पदर असलेल्या बाईला ओळखायला तोंड कशाला लागतं? आवाज आहे की माझा.

९ जून.

विजूनं काम केलं! सातवीतली पोर, पण हुशारी माझी उचललीय. म्हणाली, आजी, नाव बदलायचं ना, त्यात काय. दोन ठिकाणी बोट लावलं आणि चौकोनाखाली लिहिलं, आजी. मी गुळाचा खडा दिला तिला. आख्खा वर्ग मी आजी नावानं केला. काय ऐट! बाई आज गोंधळल्या जरा, दोनदा म्हणाल्या, आजी, आजोबा कुठं आहेत? हे समोर बसलेले. बाईंना चष्मा लागला बहुतेक.

११ जून.

पुन्हा तेच नाव. विजू म्हणते, ते त्या दिवसापुरतंच असतं, आजी, कायमचं ऑफिसातनं बदलावं लागेल. मग हे आधी सांगायला काय झालं होतं? गूळ खाताना बरं सुचलं नाही.

दुधनीची दाक्षायणी आज फार बोलली. वर्गातली एकटीच माझ्या बरोबरीची, म्हणजे तिला तसं वाटतं. बाईंनी काहीही म्हटलं की कानडीत हौदु, हौदु, म्हणजे हो, हो. दोन वेळा हौदु म्हणजे दोन वाक्यं मोजणार का मशीन? हे बाईंना विचारायला हवं. वर मला नाही, ह्यांना म्हणते, अण्णा, तुम्ही छान सांगता हं. ह्यांनी मान हलवली. टकळी फिरवणाऱ्याला काय, कुणी काही म्हटलं तरी मान हलते.

१२ जून. सकाळी अकरा.

संस्थेच्या ऑफिसला फोन लावला. माझी मीच. पोरगा होता कुणी तरी पुण्याकडचा, बोलणं गोड. नोंदणीतलं नाव सांगा म्हणाला. मी म्हटलं, तेच तर चुकलंय. तो म्हणाला, बरं, चुकलेलं नाव सांगा. मी म्हटलं, सांगता येत नाही. तो म्हणाला, वाचता येत नाही का आजी, काही हरकत नाही. हे ऐकून तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, चांगलं वाचता येतं, वाचलंय मी. तो म्हणाला, मग वाचा. मी म्हटलं, मनात वाचलं.

मग मीच वाट काढली. म्हटलं, तळ्यातल्या देवाचं नाव आहे. तो म्हणाला, आजी, देवाचं नको, विद्यार्थ्याचं सांगा. आता ह्याला कसं समजवायचं? सोलापूरचा असता तर अर्ध्या शब्दात समजला असता. शेवटी हॅलो हॅलो करत फोन ठेवला. ऐकू येत नसल्याचं सोंग. असली माणसं ऑफिसात ठेवतात!

१३ जून. सकाळी सहा.

सुचलं! चूल नसलेल्या घरातही डोकं पेटतं कधी कधी. उखाण्यात नाव घेतलेलं चालतं. लग्नात घेतलं, डोहाळजेवणात घेतलं, बिरुदेवच्या बारशात घेतलं. मग फोनवर का नको? रात्री अंथरुणात जुळवला. अकराला ऑफिस उघडतं.

१३ जून. दुपारी बारा.

घेतला. उभं राहून घेतला, डोईवर पदर घेऊन:

चटणीच्या बरणीला टेकवला फोन,
(इथं ह्यांचं नाव) घेते, ऐकतंय कोण?

तो पोरगा म्हणाला, मी ऐकतोय आजी! आणि असा हसला. मग म्हणाला, थांबा थांबा, आणि ऑफिसातल्या सगळ्यांना बोलावलं, फोन मोठ्यावर टाकला, आता परत म्हणा. मी परत म्हटला. टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. तिसऱ्यांदा त्यांनी न सांगताच म्हटला.

मग तो म्हणाला, नाव मिळालं आजी, आता बदल करायचा तर ज्यांच्या नावावर नोंदणी आहे त्यांच्याशी बोलावं लागेल, नियम आहे. फोन ह्यांच्या कानाला लावला. आधी बजावून ठेवलं, सांगा की शिकतेय मी, तुम्ही नव्हे.

पलीकडनं काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. ह्यांचं ऐकू आलं. हे म्हणाले, व्हय. मग म्हणाले, व्हय. मग टकळी थांबवून जरा विचार केला आणि म्हणाले, व्हय व्हय. मग फोन मला परत.

पोरगा म्हणाला, झालं आजी काम. नाव बरोबर असल्याचं त्यांनी सांगितलं, रोज वर्गाला बसतो म्हणाले. फक्त नोंदणीत चुकून महिला पडलं होतं, ते मी पुरुष केलं.

१३ जून. संध्याकाळी.

मी ह्यांना विचारलं, व्हय का म्हणालात? म्हणाले, रोज बसतूयाच की. झाले ह्यांचे आजचे शब्द.

मी जेवले नाही. म्हणजे कडक भाकरी आणि चटणी खाल्ली, भात खाल्ला नाही.

१८ जून.

नवीन विचार केला. नाव बदललं नाही तर राहू दे. बाई माझा आवाज ओळखतात, तोच खरा पुरावा. मशीनपेक्षा माणूस मोठा. आता फक्त बोलायचं. जास्त बोलायचं.

पण बाईंचं बोट आज सारखं चुकीच्या जागी पडत होतं. मी बोलायला लागले की आमच्या चौकोनावर लाल माइक. विजू म्हणते, तुला म्यूट केलं. मी म्हटलं, मला कशाला करतील, बोट लागलं असेल, पोर काम करून दमते. चौदा वेळा लागलं. बाई म्हणाल्यासुद्धा, मागून बोलणाऱ्यांनी जरा शांत राहा, ज्याचं त्याला बोलू द्या. बरोबर आहे! दाक्षायणीची सून मागून तिला उत्तरं सांगते असा मला आधीपासून संशय होता. मी मोठ्यानं म्हटलं, हां बाई, चांगलं दटावा. तेवढ्यात पुन्हा बोट लागलं.

३० जून.

विजय! रेकॉर्डिंग आणि कॅप्शन पुढं ढकललं. सोळा जुलै. बाई म्हणाल्या, मराठीचं काम बाकी आहे. मला विचाराल तर हे माझ्यामुळं. मागच्या शुक्रवारी मी ठणकावून सांगितलं होतं, माणसांचं बोलणं असं छापू नका, ज्याचं नाव त्याला नाही, हा अन्याय आहे. लाल माइक होता तेव्हा, पण कुणीतरी ऐकलंच असणार.

माजिदाला सांगितलं, मी आख्ख्या सॉफ्टवेअरला थांबवलं. ती म्हणाली, क्या बात करते मायाक्का! मग म्हणाली, मग वीजबिलाचं पण बघ की जरा. टोमणा होता. मी सोडून दिला.

१६ जुलै. वर्गानंतर लगेच.

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येईल.

कॅप्शन आलं. चार वाजून दोन मिनिटांनी खाली पहिली ओळ उमटली. बाईंचं नाव, पुढं नमस्कार. सगळे म्हातारे हरखले. एकेक जण काहीबाही बोलून बघत होता. मलाही आनंद आवरेना. माझं पहिलं वाक्य मी आठ दिवस ठरवून ठेवलं होतं: विद्या हे माणसाचं खरं धन आहे.

आणि दूध वर आलं. मी काय करणार! आधी ओरडले, मग कळलं. खाली छापून आलं, ह्यांचं नाव, दोन टिंबं, आणि पुढं: अगं रुपाली, कुटं मेलीस, दूध उतू चाललंय की.

चाळीस जण हसले. ह्या माणसानं जन्मात दुधाकडं बघितलं नाही. मेंढीचं सोडून. हेसुद्धा हसले! मला ह्यांचा इतका राग आला की मी म्हटलं, दात काढू नका. तेही छापलं. ह्यांचं नाव, दोन टिंबं, दात काढू नका. बाईंनी ते आपल्याला म्हटलं असं समजून सॉरी आजोबा म्हटलं.

पुढं मी जे जे सावरायला गेले ते ते सगळं ह्यांच्याच तोंडी. हे एका तासात इतकं बोलले जेवढं लग्नापासून बोलले नव्हते.

विद्येचं वाक्य राहूनच गेलं.

१८ जुलै.

विजूनं परवाचं रेकॉर्डिंग लावून दाखवलं. मी नको म्हणत होते, पण बघितलं.

मी नाहीच त्यात. बघत बसले, आत्ता येईन, मग येईन. तासभर हे. फेटा, मिशा, टकळी. पदर दिसतो म्हणत होते मी. तो पदर नव्हता. तो खिडकीचा पडदा होता. वाऱ्यानं हलत होता एवढंच.

चूक फोनची. तिरका राहिला होता. बरणीत चटणी कमी झाली की बरणी सरकते, हे रुपालीला किती वेळा सांगायचं. म्हणजे सांगितलं नाही, बोलणं बंद आहे. पण तिला कळायला नको?

निश्चय: सोमवारपासून चौकोनात मी.

२१ जुलै. वर्गानंतर.

ह्यांना चार वाजता मारुतीच्या पारावर पाठवलं. म्हटलं, गप्पा मारून या. हे कुणाशी गप्पा मारणार कोण जाणे, पण गेले. बाज मोकळी. तिच्यावर बसायला काही हरकत नव्हती, पण पाय वर घेताना कसंतरी झालं, ह्यांची जागा ती. मग खालीच बसले. फोन खाली करायला गेले तर वायर निसटली. परत स्टुलावर ठेवला. असो, आवाज जात होता. मी मन लावून बोलले. एकदाही बोट लागलं नाही कारण बाई सारख्या हेच विचारत होत्या, आजोबा आज दिसत नाहीत?

शेवटी हजेरी वाचली. आमच्या चौकोनाला गैरहजर.

मी म्हटलं, बाई, मी आहे की, एवढी तासभर बोलतेय! बाई म्हणाल्या, हो आजी, निरोप द्या आजोबांना, म्हणावं बुधवारी चुकवू नका, त्यांचा पहिला नंबर चाललाय.

पहिला नंबर! बघा, बाईंच्या तोंडूनच निघालं. बोलल्या त्या ह्यांचं नाव घेऊन, पण रीतच आहे ती. माझ्या लक्षात आलं, मशीन तोंड बघून हजेरी लावतं. मशीन मूर्ख असतं. बाई त्याला काय करणार.

बुधवारपासून ह्यांना परत बाजेवर बसवायचं. हजेरीसाठी. पहिल्या नंबरात तेवढं चालायचंच.

८ ऑगस्ट.

हे आजकाल पावणेचारलाच बाजेवर येऊन बसतात. फेटा नीट बांधून. आज मी उत्तर सांगितलं, आणि बाई शाब्बास म्हणाल्या तेव्हा ह्यांनी मान हलवली नाही, हात जोडले. कुणी शिकवलं हे? मी रागानं बघितलं तर टकळी पुढं करून म्हणाले, धागा बघ, बारीक आलाय.

धागा बघायला आहे मला वेळ! दाक्षायणी माझ्या फक्त दोनशे वाक्यांनी मागं आहे. बाईंनी आकडे वाचून दाखवले. तिची निम्मी वाक्यं हौदु आहेत.

२० ऑगस्ट.

आज अर्ज लिहायला शिकवला. प्रति, विषय, महोदय, आपला विश्वासू. मला एकदम पटापट आला. मनात म्हटलं, नाव बदलायचा अर्जच करावा. लिहायला घेतला. विषय: नोंदणीत माझ्या नावाऐवजी. तिथं थांबले. ऐवजी कुणाचं, ते लिहावं लागतं. बराच वेळ पेन धरून बसले. शाई वाळली.

गरजही नाही म्हणा. बाईंना आवाज माहीत आहे.

२८ ऑगस्ट.

उद्या समारंभ. फोनवरच, चार वाजता. संस्थेचे मोठे साहेब येणार. माजिदाला बोलावलंय, गिरणीवाल्याला सांगितलंय. जांभळं इरकल काढून ठेवलं. चार शब्द बोला म्हणतील म्हणून विद्येचं वाक्य पाठ केलं. ह्यांना म्हटलं, उद्या तुम्ही जरा बाजेच्या कडेला सरका, टोकाला मी बसेन. पन्नास वर्षांत पहिल्यांदा म्हटलं असं. हे सरकले लगेच. आजच सरकून बसले.

रुपालीशीही बोलले. म्हटलं, उद्या चहा सहा कप. ती म्हणाली, आत्या, सर्टिफिकेटावर नाव कुणाचं येणार, बघितलं का? मी म्हटलं, तुझं तोंड बघ आधी. बोलणं पुन्हा बंद.

२९ ऑगस्ट. संध्याकाळी सात.

थोडक्यात लिहिते.

साहेब बोलले. बाई बोलल्या. मग बाई म्हणाल्या, सर्वाधिक सहभाग, चार हजार एकशे बारा वाक्यं. मी पदर सावरून बाजेच्या टोकाला बसले. अर्धीच, पण बसले. आणि बाईंनी नाव घेतलं. ह्यांचं. खाली छापून पण आलं. वर म्हणाल्या, आपले आजोबा तर वर्गाची शान. मग चाळीस चौकोनांतून टाळ्या. दाक्षायणी म्हणाली, अण्णा, अभिनंदन हं!

रीत नव्हती ती. पहिल्या दिवसापासून नव्हती.

माजिदा माझ्याकडं बघत होती. मी उठले. स्वयंपाकघरात गेले आणि सगळी भांडी काढली. स्वच्छ होती, तरी घासली. परात, कळशी, मोठं पातेलं. इतक्या जोरात घासली की बाहेर काय चाललंय ते एक अक्षर ऐकू आलं नाही. ऐकायचंही नव्हतं. चहा सहा कप झाला, पाचच गेले.

सर्टिफिकेट टपालानं येणार. ह्यांच्या नावानं. शाल पण मोठी, पुरुषाच्या मापाची.

शाळा बंद. रोजनिशी बंद. मशीन लोकांनी बनवलं की मशीननं लोक बनवले कोण जाणे. रेकॉर्डिंगचं तर नावसुद्धा काढायचं नाही ह्या घरात.

३० ऑगस्ट. सकाळी.

बंद केलेली रोजनिशी पुन्हा उघडली, कारण एक गोष्ट लिहायची राहिली.

विजू उठल्यापासून मागं लागली होती, आजी, कालचं रेकॉर्डिंग बघ. मी नाही म्हटलं. चारदा नाही म्हटलं. पाचव्यांदा तिनं बरणीला टेकवून लावलंच. आवाज रुपालीच्या शिलाई मशीनमध्ये बुडत होता, म्हणून मी खालची अक्षरं वाचली. आता येतात मला पटापट.

मी उठून गेल्यावर बाईंनी ह्यांना विचारलं होतं, आजोबा, इतके दिवस मागून उत्तरं सांगायच्या, आज तुमच्या शेजारी बसल्या होत्या, त्या कोण?

हे टकळी खाली ठेवतात. टकळी खाली ठेवून बोलतात हे मी आजवर बघितलं नव्हतं. मग बोलतात. मग बाई हसून म्हणतात, अच्छा, मग पुढच्या वर्गाला त्यांनाही बसवा की, थोडं लिहा-वाचायला शिकतील.

थोडं लिहा-वाचायला! मी! बाईंवर असा राग आला म्हणून सांगू. आणि ह्यांच्यावर त्याहून जास्त. मला कुणी नाही म्हणतात. चार हजार वाक्यं काय कुणी नाही बोललं? परतू दे पारावरून, विचारतेच.

पण पन्नास वर्षं हा माणूस मला अगं म्हणाला, बिरुदेवची आय म्हणाला, लांबून हाक मारायची तर नुसता खाकरला. नवरेही बायकोचं नाव घेत नाहीत आमच्यात. म्हणून मशीननं नीट छापलं की नाही, हे तपासायला पुन्हा लावलं. नीट होतं. पुन्हा लावलं. विजू शाळेला गेली, तरी मला आता लावता येतं. नऊदा लावलं.

बाई म्हणतात, महत्त्वाचं असेल ते बघून जसंच्या तसं उतरवून काढा. उतरवते. एकही अक्षर गाळत नाही.

सिद्धराम: कुनी न्हाय बाई. आमची मायाक्का हाय.